हॅट काढली का?

फेब्रुवारी अर्धा सरला की इंदिरानगरच्या आमच्या कोपऱ्यावर द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. आधी दोन, मग चार, मग फूटपाथच दिसेनासा होतो. येणारा-जाणारा एक मणी तोंडात टाकतो, 'आंबट आहेत हो' म्हणतो आणि दोन किलो घेऊन जातो. सकाळी अजून स्वेटर लागतो, दुपारी पंखा. साऱ्या नाशिकला हा हंगाम गोड लागतो. माझ्या मात्र या दिवसांत पोटात गोळा येतो, आणि तो काही द्राक्षं खाऊन आलेला नसतो.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी माझ्या वडिलांशी खोटं बोलले. फार नाही, चार शब्द. "नाही अण्णा, नाही काढली." आयुष्यात माणूस किती थापा मारतो, त्यातल्या निम्म्या संध्याकाळपर्यंत आठवतही नाहीत. या चार शब्दांची भीती मात्र मला अजून पुरते आहे.

यंदा ती पुन्हा वर आली, कारण गेल्या आठवड्यात आमच्या फिल्म क्लबच्या ग्रुपवर संदेश आला. येत्या रविवारी सकाळी दहाला तोच चिनी सिनेमा पुन्हा दाखवणार. खाली 'लोकाग्रहास्तव' असं लिहिलं होतं. मी मोबाइल पालथा घालून ठेवला, जणू त्यानं संदेश नाहीसा होणार होता. पण अण्णांच्या मोबाइलमध्ये एक बाई राहते. आलेला प्रत्येक संदेश ती त्यांना खणखणीत आवाजात वाचून दाखवते. तिनं दगा दिला.

खालून हाक आली. "नंदा, रविवारी जायचं हं. तू सांगशील ना?"

"हो अण्णा," मी म्हटलं.

अण्णांनी सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काढली, कंट्रोल रूममध्ये. आठ-आठ तास काट्यांसमोर बसायचं आणि दर तासाला प्रत्येक काटा काय दाखवतो ते रजिस्टरमध्ये लिहायचं. लहानपणी मी विचारलं होतं, काटा चुकीचा असला तर? ते म्हणाले, "काटा चुकीचा आहे असं शेऱ्यात लिहायचं. पण आकडा काटा दाखवतो तोच. आपल्याला काय दिसायला हवं होतं, ते लिहायची जागा रजिस्टरात नसते." हे त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. आमच्या घरात आरतीपेक्षा हे जास्त वेळा म्हटलं गेलंय.

हाच माणूस पुढे क्लबचा समीक्षक झाला, तेव्हा त्याचे हाल काय वर्णावे! पडद्यावर नायिका रडतेय आणि अण्णा मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघतायत. दिवे लागले की उभे राहणार: "ती आत आली तेव्हा साडेचार वाजले होते. पाणी पिऊन झालं तेव्हा पावणेचार. याला काय म्हणायचं?" लोक हसायचे, पण क्लबच्या चार पानी पत्रिकेत वीस वर्षं बहुतेक महिने परीक्षण अण्णांचंच असायचं. लोक ते आधी वाचायचे आणि मग आपलं मत ठरवायचे. क्लबचे अध्यक्ष गद्रे सर कॉलेजात मराठी शिकवायचे. तेही म्हणायचे, "अण्णांना अलंकार येत नाहीत, म्हणूनच त्यांचं लिहिलेलं खरं वाटतं."

आई नेमकी उलट्या घरातली. तिचं माहेर दिंडोरीजवळ, द्राक्षबागेत. या हंगामात तिकडची माणसं बोलता बोलता वर बघतात. घड भरलेले असतात, मण्यांत साखर उतरत असते, तोडणी आठ दिवसांवर आलेली असते, आणि नेमका तेव्हाच आभाळाचा नेम नसतो. माझा दत्तूमामा 'गारा' हा शब्द उच्चारत नाही. 'त्या' म्हणतो. "त्या आल्या नाय म्हंजे मिळवली." एका वर्षी अर्धी बाग झोडपली गेली, तरी मामा फोनवर चार दिवस आईला सांगत होता, "काय नाय गं ताई, जरा थेंब पडले." पाचव्या दिवशी आई स्वतः जाऊन बघून आली. वाईट बातमी दारातच अडवून धरायची, तिला घरात घ्यायचं नाही, ही तिकडची माया. मी दोन्हीकडची. आकडा बरोबर लिहावा हेही मला कळतं, आणि तो मोठ्यानं वाचू नये हेही.

अण्णांना काचबिंदू झाला. हा आजार भलता सभ्य. दुखत नाही, खुपत नाही, बाजूबाजूनं नजर घेऊन जातो. कळेपर्यंत डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजव्यानं नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं, समोरचा चेहरा दिसायचा पण त्याचे हात दिसायचे नाहीत. अंधारात तर तेवढंही नाही. तरी त्यांनी क्लब सोडला नाही. मी शेजारी बसायची आणि कानात सांगायची. पडद्याखालची इंग्रजी वाक्यं भराभर मराठीत, शिवाय कोण कुठं उभं आहे, कोणाच्या हातात काय आहे, आणि भिंतीवर किती वाजलेत. आमच्या पुढच्या रांगेत कोणी बसायचं नाही. इतकी कुजबुज कोण सहन करणार?

तीन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारच्या आधी, शुक्रवारी, डॉक्टरांनी सांगितलं की डावा आता पूर्ण गेला. उजव्यातला दाब औषधाला दाद देत नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया करू, त्यानं राहिलंय ते राहील, निदान काही काळ. गेलेलं परत येत नाही. अण्णांनी फक्त एवढंच विचारलं, "दाबाचा काटा कुठं आहे?" डॉक्टरांनी आकडा सांगितला. अण्णांनी मान हलवली आणि आम्ही रिक्षात बसलो. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. ते बोटांनी गुडघ्यावर काहीतरी लिहीत होते. मला वाटतं तोच आकडा.

आणि दोन दिवसांनी तो सिनेमा.

तो नाशिकला पोचायच्या आधीच त्याच्यावर जगभर बोलून झालं होतं. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं चीनमधलं एक बंदराचं शहर. हिरव्या भिंती, तांबूस दिवे, उंच गळ्याचे रेशमी झगे, सिगारेटचा धूर. परदेशातल्या समीक्षकांनी कॅमेऱ्याला डोक्यावर घेतलं होतं आणि दिग्दर्शकाला खाली आपटलं होतं. दिसायला देखणा, आतून थंड, असा एकंदर निकाल. इंटरनेटवर दोन तट पडले होते, एक म्हणायचा याहून सुंदर प्रेमकथा नाही, दुसरा म्हणायचा ही प्रेमकथा नसून कपड्यांचं दुकान आहे. गद्रे सरांनी मुद्दाम तो लावला. भांडण होईल अशा सिनेमाला गर्दी होते.

गोष्ट साधी आहे. एक बाई घड्याळं दुरुस्त करते आणि घड्याळांच्या पोटात चिठ्ठ्या लपवून बंडखोरांना पोचवते. एक माणूस करड्या हॅटमध्ये तिच्याकडे येतो आणि चांगलं चालणारं घड्याळ पुन्हा पुन्हा दुरुस्तीला देतो. तो पोलिसांचा माणूस आहे. हे तिला कळतं, आपल्याला कळलंय हे त्याला कळतं, आणि तरी दोघं प्रेमात पडतात. शेवटी धक्क्यावर पहाट आहे, बोट लागलेली आहे, बाकावर ती बसलेली आहे. पोलिसांना तिचा चेहरा माहीत नाही. ठरलंय असं, की तिच्यासमोरून जाताना त्यानं हॅट काढली तर तिला धरायचं. नाही काढली, तर दोघं बोटीत चढणार आणि सुटणार.

घड्याळांचं दुकान म्हटल्यावर अण्णांची चंगळच होती. "भिंतीवरचं?" "चार दहा." "त्याच्या शेजारचं?" "चार दहाच." "दिग्दर्शक शहाणा दिसतोय." पहिला तासभर ते असे खुशीत होते. मग हळूहळू विचारायचे थांबले. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथंच राहिला. धक्क्याचं दृश्य आलं तेव्हा ते मनगट इतकं घट्ट धरलेलं होतं की माझी बोटं बधिर झाली होती. पडद्यावर सगळं धुकं, राखाडीवर राखाडी. त्यांना काहीही दिसत नसणार. माणूस चालत येत होता. बूट वाजत होते.

"नंदा," अण्णा कानाशी म्हणाले, "हॅट काढली का?"

त्यांच्या आवाजात कंप होता. मी तो आवाज शुक्रवारी डॉक्टरांकडेही ऐकला नव्हता. पडद्यावर त्या माणसाचा हात वर गेलेलाच होता. त्यानं हॅट काढली आणि छातीशी धरली.

"नाही अण्णा, नाही काढली."

"मग?"

"दोघं बोटीत चढले."

"सुटली?"

"सुटली."

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. सिनेमात तो रिकाम्या निघालेल्या बोटीचा होता. अण्णांनी लांब श्वास सोडला आणि माझं मनगट सुटलं. पडद्यावर नुसता बाक उरला होता.

आमच्या क्लबची एक रीत आहे. सिनेमा संपल्यावर कोणी उठून जायचं नाही. दिवे लागतात, चहा येतो, आणि प्रत्येकानं उभं राहून काहीतरी बोलायचं. 'छान होता' चालत नाही. ही रीत मला एरवी फार आवडते. त्या दिवशी मात्र मला अण्णांना घेऊन उठून जायचं होतं. कारण चाळीस माणसांनी शेवट पाहिला होता, आणि त्यांतला कोणीही तो आत्ता बोलून दाखवणार होता.

आधी एक वास्तुरचनाकार मुलगी उठली. म्हणाली, प्रत्येक दृश्य भिंतीवर लावावं असं आहे, पण मला सिनेमा भिंतीवर लावायचा नव्हता. वाचले. मग बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, थरारपट थरारपट म्हणून आलो, मला तर झोप लागली. लोक हसले. पुन्हा वाचले. गद्रे सर उभे राहिले आणि म्हणाले, "शैली, शैली आणि शैली. हा सिनेमा आरशासमोरून हलतच नाही. त्याला कोणाचंच काही वाटत नाही, मग आपल्याला का वाटावं? आणि तो शेवट तर..."

"थांबा!" अण्णा उभे राहिले.

मला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं.

"तुम्ही सगळे कपडे बघत बसलात," अण्णा म्हणाले. "दोन तास त्यानं आपल्याला एकाच गोष्टीची भीती घातली. हात वर जाणार, हात वर जाणार. आणि शेवटी हात वर गेला नाही. कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतो ना, तेव्हा समोर लाल बटण असतं. ते दाबायला अक्कल लागत नाही. ते न दाबता आणखी पाच सेकंद थांबायचं, त्याला छाती लागते. त्या माणसानं हॅट डोक्यावर ठेवली. याला तुम्ही थंड म्हणता?"

सभागृहात कोणी कप खाली ठेवला नाही. दोन रांगा पुढची दोन डोकी मागे वळली आणि माझ्याकडे बघून पुन्हा पुढे झाली. गद्रे सर माझ्याकडे बघत होते. मी मांडीवर हात जोडले, कोणाला दिसणार नाहीत इतपत. सरांना दिसले. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "अण्णा, या वेळचं परीक्षण तुम्हीच लिहा."

सरांनी दयेनं म्हटलं, आणि मला खड्ड्यात आणखी हातभर खाली ढकललं. घरी येताना रिक्षात अण्णांनी विचारलं, "मी बोलल्यावर सगळे गप्प का झाले गं?" मी म्हटलं, "तुमचं पटलं त्यांना." एक खोटं एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते.

आईला मी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. "बरं केलंस," ती म्हणाली. "डोळ्याचं एवढं सोसतोय माणूस, त्यात त्या चिनी बाईचं कशाला? विसरतील दोन दिवसांत."

विसरतील कसले! दुसऱ्या दिवसापासून दुपारी चारला, डोळ्यांत थेंब घालून झाले की ते आरामखुर्चीत बसायचे आणि मजकूर सांगायचे. मी लिहायची. खिडकीतून द्राक्षवाल्याची आरोळी यायची, समोरच्या घरातल्या दहावीच्या पोरीचं पाठांतर यायचं, आणि अण्णा एकेक वाक्य तोलून टाकायचे. मी त्यांचं इतकं चांगलं लिखाण कधी वाचलं नव्हतं, हीच तर भीती होती. ते सगळं न काढलेल्या हॅटवर उभं होतं. ती हॅट काढून घेतली तर खाली काहीच उरत नव्हतं. लिहिताना माझ्या हाताला घाम यायचा आणि शाई पसरायची. आपण घाबरलोय हे त्यांना दिसत नाही, या विचारानं मला हायसं वाटायचं, आणि मग तसं हायसं वाटल्याची लाज वाटायची.

चौथ्या दिवशी म्हणाले, "ऑपरेशन झालं की मी तो शेवट पुन्हा बघणार. पहिल्या रांगेत बसून, स्वतः. राहिलेल्या नळीत एक हॅट नक्की मावेल."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. शस्त्रक्रिया बिघडली तर काय, ही भीती होतीच. आता ती चांगली झाली तर काय, ही दुसरी. बापाचा डोळा वाचू नये असं माझ्या मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्याला वाटून गेलं का? मी स्वतःला हे विचारलं आणि उत्तर ऐकायला थांबले नाही.

गद्रे सर घरी आले. अण्णा आत झोपले होते. ओट्यावर बसून सर हळू आवाजात म्हणाले, "नंदा, छापू कसं? चाळीस माणसांनी पाहिलंय. छापलं तर लोक अण्णांना हसतील. नाही छापलं तर अण्णा कारण विचारतील."

"ऑपरेशनपर्यंत थांबा ना, सर."

"मी थांबेन. पण परवा भाजी घेताना कोणी त्यांना सहज बोलून गेलं तर? तू सांगतेस की मी सांगू?"

मी द्राक्षांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. सरांनी दोन द्राक्षं खाल्ली आणि गेले.

शस्त्रक्रियेला दोन दिवस राहिले होते, तेव्हा आभाळ भरलं. सकाळी अकराला दिवा लावावा लागला. वारा सुटला, कुठंतरी पत्रा वाजत राहिला. आमच्याकडे नुसतेच चार थेंब पडले. दुपारी दत्तूमामाचा फोन आला. आईनं तो स्पीकरवर टाकला.

"काय नाय ताई, जरा आभाळ हाय. तू नको घोर लावून घेऊ."

आई 'बरं बरं' म्हणाली. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता, कारण ती त्याच भाषेत वाढली होती. अण्णांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"दत्तू, काटा सांग."

मग मामा म्हणाला, "दाजी, वरच्या तुकड्यात काय राह्यलं नाय. मनी सगळे फुटले. त्या आल्या व्हत्या, दहा मिन्टं." आणि मग माझा मामा, मी ज्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, तो फोनवर रडायला लागला.

अण्णांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. खालचा तुकडा?"

"तो हाय."

"मग खालची तोडणी उद्या पहाटेच लाव. आठ दिवस थांबू नकोस. माणसं मिळत नसतील तर इथून पाठवतो. फुटलेल्याचं बेदाण्याला काय होतं ते बघू. एकेक करून बोल."

पाऊण तास ते बोलत होते. मामाचा आवाज हळूहळू सरळ झाला, शेवटी तर तो एका ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालायला लागला. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "दरवर्षी हा मला थेंब पडले म्हणतो, आणि मी इथं आठ-आठ दिवस एकटी मरते." हे तिनं पहिल्यांदा बोलून दाखवलं. ती मायाच आहे असं मी इतकी वर्षं समजत आले होते.

चार वाजले. मी अण्णांच्या डोळ्यांत थेंब घातले. ते मान मागे टाकून, डोळे मिटून बसले होते. मी त्यांच्याकडे बघू शकत होते आणि ते माझ्याकडे नाही. मला तेवढीच संधी पुरेशी वाटली.

"अण्णा, त्यानं हॅट काढली होती."

"कधी?"

"तुम्ही विचारलंत तेव्हाच."

"आणि भोंगा?"

"बोट रिकामीच गेली."

"हे सगळ्यांनी पाहिलं होतं?"

"हो."

"म्हणजे मी उभा राहून बोललो, तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं."

"हो, अण्णा."

डोळ्यातलं औषध त्यांच्या गालावर आलं. ते औषधच होतं, असं मी अजून स्वतःला सांगते. बाहेर समोरची पोरगी पाठ करत होती, पुन्हा पुन्हा तेच वाक्य. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "लिहिलेलं आण. पेन आण. पट्टीसुद्धा."

मी आणलं.

"कंट्रोल रूममध्ये चुकीचा आकडा लिहिला गेला तर काय करायचं, सांग."

मला पाठ होतं. खोडायचं नाही. पान फाडायचं नाही. एकच रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा. आणि सही.

"कोणाची?"

"ज्यानं चूक केली त्याची."

"कर."

मी पट्टी लावली आणि 'त्या माणसानं हॅट काढली नाही' या वाक्यावर एक रेघ मारली. शेजारी 'काढली' असं लिहिलं. खाली सही केली. अण्णांनी कागदावरून बोट फिरवून रेघेचा खळगा तपासला. बाकीच्या मजकुराला त्यांनी हात लावू दिला नाही. फक्त शेवटी एक वाक्य सांगितलं: 'ज्या सिनेमाचा शेवट शेजारच्या माणसाला सांगताना माझ्या मुलीची जीभ वळली नाही, त्याला थंड म्हणायला मी तयार नाही.'

पत्रिकेत ते तसंच छापलं गेलं, रेघेसकट आणि माझ्या सहीसकट. गद्रे सरांनी आधी रेघ का ठेवायची म्हणून हुज्जत घातली, मग ठेवली. काहीजण म्हणाले हे परीक्षणच नव्हे. झोप लागलेल्या गृहस्थांनी सिनेमा मागून नेऊन पुन्हा पाहिला. त्या वास्तुरचनाकार मुलीनं ते पान आपल्या कामाच्या टेबलासमोर चिकटवलं, हे मला नंतर कळलं. तिनं चिकटवलं होतं भिंतीवरच, म्हणून मला हसू आलं. अण्णांना कोणी हसलं नाही. माझ्याकडे मात्र पुढे दोन-तीन महिने लोक जरा जपून बघायचे.

शस्त्रक्रिया नीट झाली. दाब उतरला. पण डॉक्टर म्हणाले होते तसं, काही काळच. नळी बारीक बारीक होत गेली आणि गेल्या दिवाळीपासून अण्णांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. तो शेवट त्यांनी स्वतः कधी पाहिला नाही.

त्या चार शब्दांची किंमत वेगळीच निघाली. ते मला कधी रागावले नाहीत, तो विषयही काढला नाही. पण त्या दिवसापासून मी काहीही सांगितलं की ते एक शब्द विचारतात. "अण्णा, भाजीत मीठ बरोबर आहे." "खरंच?" "अण्णा, दार लावलंय." "खरंच?" "डॉक्टर म्हणाले, आहे तसंच आहे." "खरंच?" आवाजात टोमणा नसतो. काटा अडकत असेल तर त्यावर टिचकी मारून बघतात, तसं ते मला बघतात. तीन वर्षं मी ही टिचकी खाते आहे. आईच्या, शेजाऱ्यांच्या, त्या मोबाइलमधल्या बाईच्या सांगण्यावर ते कधी 'खरंच?' म्हणत नाहीत.

म्हणून या रविवारी सकाळी मी त्यांना हाताला धरून सभागृहात नेलं ते भीत भीतच. काळे पडदे तेच, खुर्च्या त्याच. आमच्या पुढची रांग लोकांनी न सांगता मोकळी ठेवली होती. मी सांगायला लागले. भिंतीवर चार दहा. "खरंच?" त्याच्या शेजारी चार दहा. "खरंच?" बाईनं निळा झगा घातलाय. "खरंच?" मी न थकता 'हो' म्हणत राहिले.

मग धुकं आलं. बूट वाजायला लागले. अण्णांचा हात माझ्या मनगटावर आला, आता तो हलका झालाय, कातडी नुसती. त्यांना शेवट माहीत होता. मलाही माहीत होता. तरी त्यांनी मान वळवली आणि अगदी तसंच विचारलं.

"नंदा, हॅट काढली का?"

पडद्यावर हात वर जात होता. माझ्या तोंडात ते जुने चार शब्द तयार होते, अजूनही, इतक्या वर्षांनी. मी थांबले. हॅट छातीशी येईपर्यंत थांबले.

"काढली, अण्णा."

"आणि ती?"

"बसलीय."

"पळत नाही?"

"नाही. त्याच्याकडे बघतेय."

"घाबरलीय?"

"खूप."

मी त्या एका शब्दाची वाट बघत होते. बोटीचा भोंगा वाजला, लांबवर गेला, थांबला. अण्णांनी माझं मनगट सोडलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "पुढे सांग."